उर्दूचं क्रियापद आणि आपला कर्मणी प्रयोग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरच्या वाचकांच्या पत्रांमधे एका वाचकांनी लिहिलं होतं की उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी जमत नाही कारण उर्दू ही मुळातच बाहेरची भाषा, तिचं व्याकरण अरबी-फारसीचं, त्यामुळे 2020 च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली तरी या मुलांच्या बाबतीत फार फरक पडणार नाही. पत्र सभ्य भाषेत लिहिलेलं होतं आणि काळजीपोटीच लिहिलं असावं. पण ज्या पायावर ते उभं आहे ना, तो पायाच चुकीचा आहे, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. पत्र लांब होणार आहे, छापताना कापलं तरी चालेल पण उदाहरणं कापू नका ही विनंती.

मी नागपुरात जाफरनगरला राहते आणि बरीच वर्षं उर्दू माध्यमाच्या मुलामुलींना मराठी शिकवतेय. मोमिनपुऱ्यातली मुलं येतात, टेका नाक्याकडची येतात, काही कामठीहून पण येतात. या मुलांच्या वह्या तपासता तपासता मी उर्दूचं ग्रामर नीट वाचायला घेतलं आणि जे दिसलं ते एका वाक्यात सांगायचं तर, उर्दूचं क्रियापद जवळजवळ त्याच नियमानं चालतं ज्या नियमानं मराठीचं चालतं. लिपी वेगळी आहे, उजवीकडून डावीकडे लिहितात, शब्दही पुष्कळ अरबी-फारसी आहेत, हे सगळं खरं. पण वाक्य बांधणारी जी यंत्रणा असते, कोणत्या शब्दाला कोणता प्रत्यय लागणार आणि क्रियापद कोणाचं ऐकणार, ती इथलीच आहे, आपल्या मराठीच्या घरातलीच.

शाळेत आपण सगळे प्रयोग शिकलो. कर्तरी, कर्मणी, भावे. बहुतेकांना परीक्षेनंतर काही आठवत नाही म्हणून परत सांगते. "राम आंबा खातो", इथे क्रियापद रामाच्या मागे चालतं, सीता आली की "खाते" होतं, हा कर्तरी. "रामाने आंबा खाल्ला", "रामाने चिंच खाल्ली", इथे राम तोच आहे पण आंब्याच्या जागी चिंच आली आणि क्रियापद बदललं, म्हणजे ते कर्माच्या मागे चाललंय, हा कर्मणी. आणि "रामाने रावणाला मारलं", इथे रावणाऐवजी शूर्पणखा घाला, रामाऐवजी सीता घाला, "मारलं" ते "मारलं"च राहतं, कोणाच्याच मागे जात नाही, हा भावे.

आता उर्दू बघा. "लडका रोटी खाता है", "लडकी रोटी खाती है", कर्तरी. "लडके ने आम खाया", "लडके ने रोटी खाई", "लडके ने दो रोटियां खाईं", कर्मणी. आणि "लडके ने लडकी को देखा", "लडकी ने लडकों को देखा", "औरतों ने बच्ची को देखा", सगळीकडे "देखा", कर्ता बदला की कर्म बदला काही होत नाही, म्हणजे भावे. तीनच्या तीन प्रयोग जसेच्या तसे. उर्दूचे व्याकरणकार याला प्रयोग म्हणत नाहीत, त्यांची परिभाषा अरबीतून आली. क्रियापदाला फेल, कर्त्याला फायल, कर्माला मफऊल, आणि तो जो "ने" आहे त्याला अलामत-ए-फायल म्हणजे कर्त्याची खूण. शब्द अरबी आहेत म्हणून व्याकरण अरबी होत नाही, आपण मराठीच्या व्याकरणाला संस्कृत परिभाषा वापरतो तसंच त्यांनी अरबी घेतली एवढंच. नियम असा आहे की नाम मोकळं असेल, त्याला काही लागलेलं नसेल, तरच क्रियापद त्याच्याशी जुळतं. आधी कर्त्याकडे बघायचं, त्याला "ने" लागलाय का, लागला असेल तर कर्माकडे बघायचं, त्याला "को" लागलाय का, तोही लागला असेल तर मग क्रियापद आपलं ठरलेलं एक रूप घेऊन मोकळं. मराठीत "ने" आणि "ला" टाकून हेच वाक्य वाचा, शब्दही बदलावा लागत नाही.

हे फारसीतून आलं असं म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. फारसीत नामाला लिंगच नाही, तिथे क्रियापद पुल्लिंगी-स्त्रीलिंगी होतच नाही, ते फक्त कर्त्याच्या पुरुष आणि वचनाप्रमाणे बदलतं. अरबीत क्रियापदाला लिंग आहे पण ते कर्त्याचं, कर्माच्या लिंगाप्रमाणे तिथे क्रियापद बदलत नाही. मग "लडके ने रोटी खाई" हे कुठून आलं? ते आलं संस्कृत-प्राकृतातून. संस्कृतात "रामेण पुस्तकं पठितम्", "बालकेन बालिका दृष्टा" अशी वाक्यं होती, त्यातलं "पठितम्", "दृष्टा" हे खरं तर विशेषण आहे, रामाकडून वाचलं गेलेलं पुस्तक, मुलाकडून पाहिली गेलेली मुलगी. विशेषण ज्या नामाचं त्याच्याशीच जुळणार ना, कर्त्याशी कशाला जुळेल. पुढे हीच विशेषणं भूतकाळाची क्रियापदं होऊन बसली आणि जुळण्याची सवय मात्र तशीच राहिली, मराठीत राहिली, उर्दू-हिंदीत राहिली, पंजाबी, गुजराती, सिंधीतही राहिली. बंगालीत मोडली, तिथे क्रियापदाला लिंगच उरलं नाही. म्हणजे या बाबतीत मराठीला उर्दू जितकी जवळची तितकी बंगाली नाहीये, आणि बंगालीला कोणी बाहेरची म्हणत नाही.

उलट अरबीतून आलेल्या शब्दांनाच इथे येऊन इथले नियम पाळावे लागले. किताब हा शब्द अरबीत पुल्लिंगी आहे, उर्दूत तो स्त्रीलिंगी झाला, "मैंने किताब पढी". शब्द परका आला आणि इथल्या क्रियापदानं त्याला आपल्यात बसवून घेतलं.

आता मी मुलांच्या चुकांवर येते, कारण माझा खरा मुद्दा तिथेच आहे. माझ्याकडे येणारी मुलं एक चूक हमखास करतात, "मुलाने मुलीला पाहिला" असं लिहितात. पेपर तपासणारे त्यावर लाल रेघ मारतात, मार्क कापतात, आणि मुलगा बेफिकीर आहे, लिंगाचं भानच नाही असा शेरा पण मारतात. पण तो मुलगा बेफिकीर नाहीये हो. त्याला भावे प्रयोग पक्का माहीत आहे. कर्त्याला "ने" लागला, कर्माला "ला" लागला, आता क्रियापदानं ठरलेलं रूप घ्यायचं इथपर्यंत तो बरोबर पोचलाय. फरक एवढाच की उर्दूत दोनच लिंगं आहेत, त्यामुळे तिथे ते ठरलेलं रूप पुल्लिंगी एकवचनी असतं, "देखा". मराठीत तिसरं नपुंसकलिंग आहे आणि आपण तिथे ते वापरतो, "पाहिलं". त्याला एवढंच सांगितलं की बेटा तुझं सगळं बरोबर, फक्त मराठीत अशा ठिकाणी क्रियापदाच्या शेवटच्या "ला" च्या जागी "लं", तर एका बैठकीत चूक जाते. आणि न सांगता नुसत्या रेघा मारल्या तर दहावीपर्यंत जात नाही, मी दोन्ही बघितलंय.

नपुंसकलिंग हीच या मुलांची सगळ्यात मोठी अडचण आहे, हे मात्र कबूल करायला पाहिजे. घर, झाड, पुस्तक, पाणी, दूध, दही, हे सगळं उर्दूवाल्या मुलाला पुल्लिंगी नाहीतर स्त्रीलिंगी वाटणार, दुसरा पर्यायच त्याच्याकडे नाही. "पानी गिरा" म्हणणारं पोरगं "पाणी पडला" लिहिणार. इथे मेहनत घ्यावीच लागते, पाठच करावं लागतं, काही शॉर्टकट नाही. पण मेहनत कुठे लागते आणि कुठे मुलाला आधीच येतं हे तरी शिकवणाऱ्याला माहीत हवं.

दुसरी चूक, "मीने काम केलं", "तूने सांगितलं". यावर तर हसतात लोकं. उर्दूत "मैंने", "तूने", "हमने", "तुमने", "उसने", "उन्होंने", सगळ्यांना "ने" लागतो, कोणाला सूट नाही. मराठीत "त्याने", "तिने", "त्यांनी" ला लागतो पण "मी", "तू", "आम्ही", "तुम्ही" तसेच मोकळे दिसतात. मूल म्हणतं की मॅडम, कर्मणी प्रयोग आहे ना, मग मीला "ने" का नाही? प्रश्न एकदम रास्त आहे. जुन्या मराठीत या सर्वनामांना वेगळी रूपं होतीच, ज्ञानेश्वरीत "मियां", "तुवां" येतं, आणि आपल्या वऱ्हाडाकडच्या खेड्यांत आजही म्हातारी माणसं "म्या सांगतलं" म्हणतात, ते "म्या" म्हणजे हेच. प्रमाण मराठीत ती रूपं झिजून साध्या "मी" सारखीच झाली. म्हणजे मुलाचं तर्कशास्त्र बरोबर आहे, फक्त प्रमाण भाषेत तो प्रत्यय आता दिसत नाही. हे सांगितलं की मुलांचे चेहरे बघा, कारण त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी म्हणतं की तू विचार बरोबर केलास.

आणि इथे मराठीची एक गंमत आहे जी उर्दूत नाही, ती सांगायचा मोह आवरत नाही. "मैंने रोटी खाई, तूने रोटी खाई, उसने रोटी खाई", उर्दूत तिन्हीकडे "खाई", क्रियापदात पुरुष दिसतच नाही, फक्त रोटीचं लिंग दिसतं. मराठीत "मी पोळी खाल्ली", "त्याने पोळी खाल्ली", पण "तू पोळी खाल्लीस". त्या "खाल्लीस" मधे "खाल्ली" पोळीसाठी आहे आणि शेवटचा "स" तुझ्यासाठी, एकाच क्रियापदात कर्म पण आलं आणि कर्ता पण आला. "तू आंबा खाल्लास, पोळी खाल्लीस, फळ खाल्लंस". उर्दूवाली मुलं हा "स" विसरतात, आणि खरं सांगायचं तर नागपूरची मराठी मुलंसुद्धा बोलताना खुशाल "तू खाल्ली का" म्हणतात. मग लाल रेघ एकट्या उर्दूवाल्याच्या वहीतच का?

अपवादांचं प्रकरण पण किती सारखं आहे बघा. उर्दूत "लाना", "बोलना", "भूलना" ही क्रियापदं कर्म घेतात तरी त्यांना "ने" चालत नाही, "वो किताब लाया", "मैं नाम भूला". मराठीतही "बोलणे", "विसरणे", "शिकणे", "पिणे" यांना "ने" लागत नाही, "ती मराठी शिकली", "तो पाणी प्यायला", "मी नाव विसरले". दोन्ही भाषांत अपवादांची एक पेटी आहे, काही वस्तू सारख्या, काही वेगळ्या. "उसने पानी पिया" पण "तो पाणी प्यायला". "वो किताब लाया" पण "त्याने पुस्तक आणलं". "उसने छींका" पण "तो शिंकला", ही शिंक मला फार आवडते कारण शिंकायला कर्म नसतं तरी उर्दूत तिथे "ने" येतो, "उसने खांसा" पण तसंच. उर्दूत "समझना" दोन्ही तऱ्हेनं चालतं, "मैं समझा" आणि "मैंने समझा". अशी दहा-बारा क्रियापदं समोरासमोर मांडून फळ्यावर लिहिली की झालं, पुस्तकात एक पान पण लागणार नाही.

जोडक्रियापदांत तर नियम तंतोतंत एक आहे. "उसने सारी रोटियां खा डालीं" पण "वो सारी रोटियां खा गया". "वो रोटी खाने लगा". "वो रोटी खा चुका". म्हणजे शेवटचं क्रियापद सकर्मक आहे की अकर्मक त्यावर "ने" ठरतो, "डालना" असेल तर येणार, "जाना", "लगना", "चुकना" असेल तर नाही. मराठीत, "त्याने सगळ्या पोळ्या खाऊन टाकल्या" पण "तो पोळी खाऊ लागला", "तो पोळी खाऊन चुकला". शेवटचं क्रियापदच ठरवतं. हे माझ्याकडच्या मुलांना कधी शिकवावं लागलंच नाही, ते घरूनच घेऊन येतात.

विभक्तीचं बघू. आपल्याकडे प्रत्यय लागायच्या आधी नामाचं सामान्यरूप होतं, मुलगा-मुलाला, घोडा-घोड्याला. उर्दूत पण होतं, "लडका" चं "लडके को", "घोडा" चं "घोडे पर", अनेकवचनात "लडकों को", "घोडों पर". विशेषण पण बदलतं, "अच्छा लडका" पण "अच्छे लडके को", आपल्याकडे "चांगला मुलगा" पण "चांगल्या मुलाला". आणि षष्ठी, "का, के, की" म्हणजे "चा, ची, चे" आणि "च्या", ती मालकाशी न जुळता मालकीच्या वस्तूशी जुळते, "राम का घर", "राम की गाडी", आणि वस्तूला पुढे प्रत्यय लागला की "राम के घर में", "रामाच्या घरात". हे "के" आणि "च्या" चं काम मुलांना समजवायला गेलं की ते आधीच मान डोलवतात. फरक पडतो तो शेवटी व्यंजन असलेल्या शब्दांत. उर्दूत "घर में", "शहर को", "पेड पर", एकवचनात शब्दाला हातच लावत नाहीत. मराठीत "घरात", "शहराला", "झाडावर", मधे एक "आ" घुसतो. म्हणून ही मुलं "झाडवर", "शहरला" लिहितात. परत तेच, चूक कुठून येते ते कळलं की ती काढायला वेळ लागत नाही.

कर्माला "को" कधी लावायचा आणि कधी नाही यावर परदेशातले अभ्यासक मोठमोठे लेख लिहितात, आपल्याला ते सहज कळतं कारण "ला" चा नियम तोच आहे. "मैंने एक आदमी देखा", "मी एक माणूस पाहिला", कोणीतरी एक. "मैंने उस आदमी को देखा", "मी त्या माणसाला पाहिलं", तो ठरावीक. निर्जीव वस्तू असेल तर सहसा प्रत्यय नाही, माणूस असेल आणि तो ठरलेला असेल तर प्रत्यय. आणि प्रत्यय लागला की लगेच क्रियापदाची गाठ सुटते, "पाहिला" चं "पाहिलं" होतं. दोन्ही भाषांत एकाच वेळी.

जिथे खरंच वेगळं आहे तिथे गंमत अशी की चुका उलट्या दिशेनं, म्हणजे आपण मराठी माणसं उर्दू-हिंदी बोलताना करतो. आपण "त्याला विचारलं", "त्याला सांगितलं" म्हणतो म्हणून सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत सगळे "उसको पूछा", "उसको बोला" म्हणतात, उर्दूत "उससे पूछा", "उससे कहा" पाहिजे. आपण "कुत्र्याला घाबरतो", उर्दूत "कुत्ते से डरता है". आपण "मला दोन भाऊ आहेत" म्हणतो म्हणून "मेरेको दो भाई है" निघतं, उर्दूत "मेरे दो भाई हैं". पैसे असतील तर "मेरे पास पैसे हैं", ताप असेल तर "मुझे बुखार है", हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि मराठीत ते "मला", "माझ्याकडे" यांत वाटून घेतलेत. मी क्लासमधे या चुका पण फळ्यावर लिहिते, मराठी माणसाची उर्दू म्हणून. मुलांना बरं वाटतं की अडखळणारे आपण एकटेच नाही.

आणि जिथे कर्त्याची इच्छा, गरज, आवड येते तिथे दोन्ही भाषा कर्त्याला "ला/को" लावून बाजूला बसवतात. "मुझे किताब पसंद आई", "मला पुस्तक आवडलं". "मुझे रोटी खानी है", "मला पोळी खायची आहे", इथे "खानी" रोटीशी जुळलंय आणि "खायची" पोळीशी. याच ठिकाणी दिल्ली आणि लखनौचं जुनं भांडण आहे. दिल्लीवाले "रोटी खानी है", "बात करनी है" म्हणणार आणि लखनौवाले "रोटी खाना है", "बात करना है" म्हणून क्रियारूप न बदलता ठेवणार. मराठी या भांडणात दिल्लीच्या बाजूनं आहे. तिकडे लाहोरला पंजाबीच्या संगतीनं "मैंने जाना है" म्हणतात, "मुझे" ऐवजी "मैंने". म्हणजे उर्दू सगळीकडे एकसारखी नाही, जिथे गेली तिथल्या शेजारणीचं थोडं घेतलं.

दक्खिनी उर्दूनं तर मराठीचंच घेतलं. हैदराबादकडे "नको" म्हणतात, जोर द्यायला शब्दाला "च" लावतात, ही दोन्ही मराठीचीच. शिवाय तिचं आपलं वेगळंही आहे, अनेकवचन "बातां", "लोगां" असं करतात, आणि तिथल्या बोलीत हा "ने" गळून पडतो, "मैं खाना खाया". आपल्या नागपुरातही बाजारात "हम तो कबका खाना खाया" असं कानावर येतंच. आणि आपल्या मराठीनं काय घेतलं? "काय करून राहिला बे?" हे पुण्याच्या माणसाला कळायला एक क्षण लागतो पण मोमिनपुऱ्यातल्या पोराला ताबडतोब कळतं कारण ते "क्या कर रहा है" च्याच मापानं शिवलंय, "ती करून राहिली", "ते करून राहिले", लिंगवचनासकट. हे शहर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, मराठी आणि हिंदी दोन्ही इथे कचेरीत आणि घरात शेजारी शेजारी नांदल्या, त्यात उर्दू बोलणारे विणकर, कामठीच्या छावणीमुळे आलेली माणसं, सगळ्यांच्या बोलण्यानं आपली नागपुरी घडली. अशा शहरातून एखाद्यानं उर्दूला बाहेरची म्हणावं याचं मला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं.

उर्दूचं व्याकरण लिहिणाऱ्यांना पण ही भाषा इथल्या बोलण्यातून बनलीय हे ठाऊक होतं. इन्शा अल्लाह खान इन्शा यांनी 1808 च्या सुमाराला दर्या-ए-लताफत लिहिलं, ग्रंथ फारसीत आहे पण त्यात दिल्ली-लखनौची माणसं कशी बोलतात याची नोंद आहे, आणि त्यांचं म्हणणं असं की शब्द अरबी असो, फारसी असो की आणखी कुठला, उर्दूत आला की तो उर्दूचा, मूळ भाषेत तो कसा होता यानं फरक पडत नाही. आपल्या दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 चं. म्हणजे दोन्ही भाषांचे लोक साधारण एकाच काळात आपापल्या भाषेकडे नीट बघायला लागले होते. नंतर मौलवी अब्दुल हक यांचं कवाइद-ए-उर्दू 1914 मधे आलं, त्याच्या तीन वर्षं आधी 1911 मधे आपल्याकडे मोरो केशव दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण आलेलं होतं. दोघांचे क्रियापदावरचे भाग कोणी शेजारी ठेवून वाचले तर माझं म्हणणं पटायला वेळ लागणार नाही.

माझी मागणी साधी आहे. उर्दू माध्यमासाठी मराठीची जी पुस्तकं निघतात त्यात व्याकरणाचे धडे मराठी माध्यमाच्या पुस्तकासारखेच नुसते उचलून ठेवू नका. पहिल्या पानावर "लडके ने रोटी खाई" लिहा आणि त्याच्या खाली "मुलाने पोळी खाल्ली" लिहा, आणि मुलालाच विचारा की खाई आणि खाल्ली का झालं. जे सारखं आहे ते दोन दिवसांत उरका, आणि वाचलेला सगळा वेळ नपुंसकलिंगाला, झाडावरच्या त्या "आ" ला आणि खाल्लीसच्या "स" ला द्या. शिक्षकांच्या ट्रेनिंगमधे एक दिवस तरी उर्दूच्या "ने" आणि "को" वर ठेवा, शिकवणाऱ्याला उर्दू लिपी येत नसली तरी चालेल, वाक्यं देवनागरीत लिहूनही हे सगळं समजतं, मी या पत्रात तेच केलंय. आणि उलटंही करा, मराठी माध्यमाच्या ज्या मुलांना उर्दू शिकायची हौस आहे त्यांना लिपीच्या भीतीनं पळवून लावू नका, अक्षरं बसायला काही आठवडे लागतील पण त्याच्या पुढचं अर्धं व्याकरण त्यांना येतंच.

तुमच्या पेपरलाही एक सुचवते. रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर छोटासा चौकोन ठेवा, एक उर्दू वाक्य देवनागरीत, खाली तेच मराठीत, आणि एक प्रश्न की क्रियापद कोणाशी जुळलंय. वाक्यं मी देईन, पैसे नकोत. पहिलं आत्ताच देऊन ठेवते. "अम्मी ने बच्चों को दो कहानियां सुनाईं", "आईने मुलांना दोन गोष्टी सांगितल्या". अम्मीला "ने" लागलाय, बच्चों ला "को" लागलाय, मग सुनाईं कोणाचं ऐकतंय ते मुलांना शोधू द्या.

आपली,
मराठीची एक शिक्षिका
जाफरनगर, नागपूर